अपृष्ठवंशी प्राणी, पेशी आणि आपली मुले

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संस्थेकडून आला तेव्हा प्रथम आठवणी लिहिण्याचा मोह झाला. परंतु पहाटेची घंटा, वंदना, भोजनगृहातील रांग आणि गुरुजनांचा धाक यांविषयी माझ्याहून सरस लिहिणारे माजी विद्यार्थी या अंकात निश्चितच असतील. मी गेली अनेक वर्षे एका तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. म्हणून ज्या प्रश्नाशी माझा नित्य संबंध येतो आणि जो आपल्या पालकवर्गाशी थेट निगडित आहे, त्याविषयी माझे मत नम्रपणे मांडीत आहे.

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एखादे वडील मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, “सर, सध्या याला बी.एस्सी.ला टाकून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा नीट देणार आहे.” ‘टाकून ठेवा’ हे शब्द ते सहज उच्चारतात, त्यात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नसतो. पण शेजारी उभा असलेला मुलगा ते ऐकत असतो. ज्या वर्गात आपल्याला टाकून ठेवले आहे त्या वर्गात मन लावायचे नाही, एवढे त्याला त्याच क्षणी कळते. पुढचे वर्ष-दोन वर्षे नीटच्या फेऱ्यांत जातात. यश आले तर आनंदच आहे. न आले तर हातात एक अर्धवट शिकलेली पदवी उरते आणि मनात अपयशाची भावना कायमची घर करते.

पदवीच्या आरंभी अपृष्ठवंशी प्राणी आणि पेशीविज्ञान हे विषय येतात. एकीकडे आदिजीवांपासून कंटकचर्मींपर्यंतचे प्राणिसंघ, दुसरीकडे पेशीपटल, तंतुकणिका, केंद्रक, सूत्री विभाजन. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी नावांच्या या पुराने गांगरून जातो. मग तो बाजारातील मार्गदर्शिका घेतो, आकृत्या घोकतो आणि उत्तीर्ण होतो. त्याने गांडूळ पाहिलेले असते, पण ते जमिनीला कशाने धरते हे बोट फिरवून पाहिलेले नसते.

हे मी इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण मी स्वतः असाच शिकलो. पहिल्या वर्षी पॅरामेशियमची आकृती मी डोळे मिटून काढू शकत असे. प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाखाली नमुना लावून दाखविण्यास सांगितले. मी घाईने भिंग खाली आणले आणि काचपट्टीचा चुरा झाला. परीक्षक रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, “जिवंत पाहिला आहेस का कधी?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या दिवाळीत मी गावी जाण्याआधी आपल्या विद्यालयात आलो. विज्ञानाच्या गुरुजींनी प्रयोगशाळेची चावी दिली. गावाबाहेरच्या बोडीचे पाणी बरणीत घेऊन त्यात वाळलेले गवत टाकले आणि काही दिवसांनी त्यातला थेंब काचपट्टीवर ठेवला. पुस्तकातली ती स्थिर आकृती स्वतःभोवती गिरक्या घेत धावत होती. अडथळा आला की मागे सरायची, थोडी वळायची, पुन्हा पुढे जायची. तिच्या अंगातली संकोची रिक्तिका भरत होती आणि रिकामी होत होती. एकच पेशी, आणि तिच्यातच खाणे, उत्सर्जन, हालचाल, प्रतिसाद, सारा संसार. अपृष्ठवंशी प्राणी आणि पेशीविज्ञान हे दोन वेगळे विषय नाहीत, हे मला त्या दिवशी समजले.

विज्ञानाचा इतिहास हेच सांगतो. इटलीतील मेसिना येथे १८८२ साली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या दिसल्या. आपल्या शरीरातील पेशी जंतूंना गिळून टाकतात या ज्ञानाची वाट तेथून निघाली आणि १९०८ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. आपल्याच देशात, सिकंदराबाद येथे, १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी सापडला. मज्जातंतूतून संदेश कसा वाहतो हे स्क्विडच्या जाड मज्जातंतूवरून कळले. पेशीविभाजनाचे चक्र नियंत्रित करणारे सायक्लिन हे प्रथिन सी-अर्चिनच्या अंड्यांत आढळले. मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीच्या उभयलिंगी जिवात वाढीच्या काळात १,०९० देहपेशी तयार होतात आणि त्यांतील १३१ ठरल्या वेळी आपणहून मरतात, हे मोजणाऱ्यांना २००२ चे नोबेल मिळाले. ज्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, अशा जिवांनी ही उत्तरे दिली आहेत. कोणालाही जन्मावरून क्षुद्र लेखू नये, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. या विद्यालयात पंचशीलातील पहिले शील शिकून मी महाविद्यालयात गेलो आणि पहिल्याच महिन्यात माझ्यापुढे झुरळ व गांडूळ विच्छेदनासाठी आले. ती अस्वस्थता मी विसरलेलो नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ आणि २०१४ साली दिलेल्या सूचनांनंतर प्राणिशास्त्राच्या वर्गातील विच्छेदन मागे पडले, याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र विच्छेदनाबरोबर निरीक्षणही गेले, ही खंत आहे. त्याच्या जागी भिंतीवरचे तक्ते आणि फॉर्मालिनमधील पांढुरके नमुने आले. जीव न मारता पाहण्यासारखे किती आहे! पावसाळ्यातील गोगलगाय काचेवर चालवून खालून तिचा पाय पाहता येतो. बांधीतील खेकड्याची टाकलेली कात गोळा करता येते. कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून चिरडले की गुणसूत्रे विभागताना दिसतात. यासाठी मोठ्या शहराची किंवा मोठ्या खर्चाची गरज लागत नाही. या बाबतीत खेड्यातला विद्यार्थी शहरातल्याहून अधिक संपन्न आहे.

“पण गांडुळाची आतडी शिकून पोट भरेल का?” असा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. केवळ बी.एस्सी.च्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल, असे मी कोणालाही सांगत नाही. पुढे एम.एस्सी., बी.एड., वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान, मत्स्यव्यवसाय, कीटकशास्त्र, संशोधन यांपैकी एखादी वाट धरावीच लागते. परंतु या साऱ्या वाटांचा पाया याच दोन विषयांत आहे. आपल्या भागात धानावर तुडतुडे, खोडकिडा आणि गादमाशी येते. आरमोरी परिसरात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोश तयार होतात. हे सारे अपृष्ठवंशी प्राण्यांचेच जग आहे, आणि ते जाणणाऱ्या माणसांची उणीव आहे.

पोटापलीकडचेही एक कारण आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. वडीलधाऱ्यांना नारू आठवत असेल. पायातून लांबलचक कृमी बाहेर येई आणि माणूस ऐन हंगामात खाटेवर पडे. पाणी निवडण्याची मुभा ज्यांना नव्हती, त्यांनी हा रोग अधिक सोसला. त्यावर ना लस होती ना खात्रीचे औषध. पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म संधिपाद जिवामार्फत तो पसरतो, हे जीवनचक्र समजले. पाणी गाळून पिणे, रोग्याला पाण्यात उतरू न देणे, पायऱ्यांच्या विहिरी सुधारणे या उपायांनी भारत २००० साली नारूमुक्त घोषित झाला. हा विजय ज्ञानाचा होता.

नारू गेला, सिकलसेल मात्र आपल्या घरांत आहे. पूर्व विदर्भातील आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. हिमोग्लोबिनच्या १४६ अमिनो आम्लांच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि एवढ्या फरकाने लाल पेशी विळ्याच्या आकाराची होते. माझ्या ओळखीच्या एका घरात पहिल्या मुलाला हा आजार निघाला. आई-वडील दोघेही वाहक. घरच्यांची समजूत अशी की चारांत एकाला होतो, तो झाला, आता पुढची तिन्ही सुखरूप. दुसऱ्या मुलीलाही आजार निघाला. अर्धगुणसूत्री विभाजन ज्याला खरोखर समजले आहे, तो सांगू शकला असता की प्रत्येक गर्भधारणेत नव्याने वाटप होते आणि प्रत्येक वेळी शक्यता २५ टक्केच राहते. त्या घरात बी.एस्सी. झालेला एक तरुण होता. त्याने हा धडा परीक्षेत लिहिला होता, पण घरात उच्चारला नव्हता. घोकलेले ज्ञान घरी बोलत नाही, याचा यापेक्षा कठोर पुरावा मला माहीत नाही. लग्न ठरविताना पत्रिका पाहण्याचे आपण सोडले, ते योग्यच केले. आता रक्ततपासणीचा अहवाल पाहण्याची रीत पाडली पाहिजे, आणि ती आपल्या शिकलेल्या मुलांनीच पाडावी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभारले, ते कलेबरोबर विज्ञानाचेही होते. तो वारसा पुढे नेण्यासाठी माझ्या तीन विनंत्या आहेत. विद्यालयाने रविवारी प्रयोगशाळा दोन तास उघडी ठेवावी आणि आठवीपासून मुलांना मराठी व इंग्रजी संज्ञांची वही लिहावयास लावावी. ‘आर्थ्रोपोडा’ घोकण्याआधी ‘संधिपाद’ म्हणजे सांधे असलेले पाय, हे ज्याला कळते त्याला इंग्रजी नावाची भीती वाटत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे विज्ञानाचे पदवीधर आहेत, त्यांनी प्रत्येकी एका नवागताला पहिले सत्र हात द्यावा. आणि पालकांनी नीटची तयारी जरूर करू द्यावी, पण किती वेळा ते आधी ठरवावे. आणि मुलाला पदवीच्या वर्गात बसवाल तेव्हा ‘टाकून ठेवले’ असे म्हणू नये.

प्रयोगशाळेच्या चावीसाठी मी आजही या विद्यालयाचा ऋणी आहे. ती चावी पुढच्या मुलांच्याही हाती पडावी, हीच मंगल कामना.