नळाचं भोक आणि जात्याचा खुंटा

मैत्रिणींनो, परवा आमच्या स्टीलच्या सिंकला नवा नळ बसवायचा होता. त्याला 35 मिलिमीटरचं भोक हवं. कारागिरानं ड्रिल मशीनला वाटीसारखी गोल करवत, म्हणजे होल सॉ, लावली आणि मशीन भरधाव सोडलं. कर्कश आवाज, धूर, करपट वास! करवतीचे दात बोथट, सिंकवर निळसर काळं वर्तुळ, आणि भोक नाहीच. "ताई, स्टील लई कडक आहे हो!"

कडक खरंच, पण थोडं आम्हीही केलेलं. स्टेनलेस स्टीलची खोडच ती. दात न कापता नुसते घासत राहिले, की तो भाग आणखी टणक होतो.

जात्याचा खुंटा आठवा. मधोमध असता तर हात जागच्या जागी फिरला असता, कडेला म्हणून मोठी फेरी मारतो. होल सॉचे दातही कडेलाच. 35 मिलिमीटरच्या एका फेऱ्यात दात सुमारे 110 मिलिमीटर धावतो. मिनिटाला हजार फेरे म्हणजे 110 मीटर! स्टेनलेसला सोसतात जेमतेम 13-14. भागाकार करा, सव्वाशेच्या आसपास फेरे येतात. साध्या लोखंडी पत्र्याला त्याच्या दुप्पट चालतात, ॲल्युमिनियमला तिप्पट. भोक दुप्पट रुंद, तर फेरे निम्मे. (मी बी.ए. मराठीची, पण एवढं गणित येतं बरं का.)

नवी करवत कुणाच्या पैशानं, हा प्रश्न निघालाच. निम्मे मी दिले. "लवकर उरका, मला शाळेत जायचंय," असं मीच म्हणाले होते ना!

दुसऱ्या खेपेला मशीन खालच्या गिअरवर घेतलं, बटण हलकेच दाबलं, वर तेलाचे थेंब. वेग कमी, पण दाब पक्का; हात सैल सोडला की पुन्हा नुसतं घासणं सुरू. टणक थर फोडायला वेळ लागला, मग धातूचा किस निघू लागला. किस निघतोय म्हणजे कापतंय. नुसती भुकटी आणि किंचाळी असेल तर थांबावं.

तुम्ही स्वतः करणार असाल तर पदर खोचा, बांगड्या उतरवा, केस बांधा, डोळ्यांवर चष्मा हवाच. मशीनची बाजूची मूठ घट्ट धरा. करवत अडकली की मनगटाला जोराचा हिसका बसतो. भोकाची कड सुरीसारखी धारदार राहते, नळ बसवण्याआधी ती कानशीनं घासून घ्या. मी बोट फिरवून पाहिलं, अजून पट्टी आहे.