फुटलेला आरसा आणि दुखावलेले मन

अंधेरी पश्चिमेला लिंक रोडपासून वर्सोव्यापर्यंतच्या पट्ट्यात आज हिंदी चित्रपटसृष्टीचा बराचसा संसार वसलेला आहे. संकलनाच्या खोल्या, पात्रनिवडीची कार्यालये, आणि कॉफीच्या दुकानांत संगणक उघडून पटकथा लिहीत बसलेली तरुण मुले. त्यांच्या शेजारच्या टेबलावर दहा मिनिटे बसले, तरी ‘सिम्बॉलिझम’ हा शब्द दोनदा कानांवर पडतो. रहस्यपटात, त्यातही मनाचा थांग घेणाऱ्या रहस्यपटात, भिंतीचा रंग कोणता, आरसा कोठे टांगला आहे, घड्याळात किती वाजले आहेत, याची चर्चा कथेपेक्षा अधिक चवीने होते. घरोघरीही आता तेच चालले आहे. चित्रपट संपताच मुले भ्रमणध्वनीवर त्याचा ‘अर्थ’ शोधू लागतात, आणि आईवडिलांना सांगतात की तुम्ही पाहिलात तो चित्रपट खरा नव्हेच, खरा त्याच्या आत दडलेला आहे.

चित्र पाहून त्यामागचा अर्थ शोधण्याची वृत्ती वाईट नाही. आपल्या परंपरेला तर ती मुळीच नवी नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला, तो याच प्रश्नावर. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. सरळ अर्थ जुळेना म्हणून जवळचा घ्यावा लागतो ती लक्षणा. ‘गंगेवर गवळवाडा’ म्हटले की तो पाण्यावर तरंगत नाही, तीरावर असतो. आणि त्या शब्दांतून तीराचा गारवा, पावित्र्य मनात उमटते, ती व्यंजना. घंटेचा टोल थांबल्यावर मागे जो नाद उरतो, तो ध्वनी. आनंदवर्धनाने या ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटले. मात्र त्याच ग्रंथात त्याने ‘चित्रकाव्य’ नावाचा प्रकार सर्वांत खाली बसविला. अक्षरांची कमळे, खड्ग आणि चक्रे रचून वाचकाला कोडे घालणारी रचना या प्रकारात मोडते. कोडे सुटते, कौतुकही वाटते. पण सुटल्यावर हाती काही उरत नाही, मागे नाद राहत नाही. आजच्या पडद्यावर ‘दडलेला अर्थ’ म्हणून जे मिरविले जाते, त्यात ध्वनी किती आणि चित्रकाव्य किती?

या उपनगरांचा इतिहास पाहिला तर उत्तराचा माग लागतो. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये १९४९ साली कमाल अमरोही यांचा ‘महल’ तयार झाला. कॅमेरा होता जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाचा. अंधार आणि प्रकाश एकमेकांवर घासून भीती कशी निर्माण करावी, हे त्या काळच्या जर्मन चित्रपटांनी जगाला शिकविले होते. त्या विद्येचा वारसा घेऊन आलेल्या या माणसाने ती भारतीय हवेलीत आणली. दोनचा ठोका देणारे घड्याळ, झोपाळ्यावर बसलेली स्त्री, नायकाच्याच चेहऱ्याची तसबीर. यांतली एकही वस्तू परकी नाही. अखेरीस कळते की भूत वगैरे काही नव्हते, ती माळ्याची मुलगी होती. मग प्रेक्षकाला उमगते की झपाटलेली होती ती हवेली नव्हे, नायकाचे मन होते. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत बिमल रॉय यांच्या संस्थेचे बिऱ्हाड होते. त्यांच्या ‘मधुमती’ने (१९५८) पुन्हा हवेली आणि तसबीर हीच सामग्री घेतली आणि पुनर्जन्माच्या कल्पनेत ती मुरवली. वसंत जोगळेकर यांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ने (१९७६) तर आपले मर्म शीर्षकातच सांगून टाकले. जी वस्तू आधी घरातली असते, तीच पुढे मनातली होऊ शकते. आधी झोपाळा हा झोपाळाच असावा लागतो.

श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) या कसोटीवर मोठा मौजेचा ठरतो. पुण्यात घडणारी ही कथा सुरू होते कोबीच्या शेतात. एका डोळ्याने अधू असलेला ससा आणि त्याच्या मागावर बंदूक घेतलेला शेतकरी. अंध असल्याचे सोंग घेणारा पियानोवादक, त्याने न पाहिल्यासारखे करून पाहिलेला खून, आणि अखेरीस युरोपातल्या रस्त्यावर काठीच्या फटक्याने बाजूला उडवलेला डबा. काठीची मूठ सशाच्या तोंडाची. त्यावर गेली कित्येक वर्षे वाद चालू आहे की तो शेवटी डोळस होता की अंध. मला हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. लक्षात घेण्यासारखे हे आहे की पुण्यात पुढे काय झाले, ते आपल्याला तो स्वतः एका जुन्या मैत्रिणीला सांगतो आहे, आणि ज्या सशामुळे आपण वाचलो असे तो म्हणतो, तो ससा त्याच्या हातातल्या काठीवरच कोरलेला आहे. म्हणजे गोष्ट सांगता सांगता त्याने मुठीकडे पाहून ससा रचला असेल काय? येथे चिन्ह आपल्याला एका माणसापाशी नेते. तो कलावंत आहे, खोटे बोलण्याची त्याला सवय लागली आहे, आणि आता कदाचित त्याचे त्यालाही खरे आठवत नाही. हा ध्वनी. डोळे आहेत की नाहीत, एवढ्यावरच थांबणाऱ्याच्या हाती चित्रकाव्य लागते. दोष अर्थातच दिग्दर्शकाचा नाही.

त्याच वर्षी, त्याच महिन्यात राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. तो काटेकोर अर्थाने मानसिक रहस्यपट नव्हे, भयपट आहे. परंतु चिन्हांची मुळे मातीत कशी असावीत, हे शिकायचे तर त्याच्याकडेच जावे लागते. अखंड पाऊस, पडका वाडा, आणि वाड्याच्या पोटात मातेच्या गर्भासारखी ओली, लाल पोकळी. तेथे हस्तर राहतो. त्याला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही, म्हणून तो पिठाचा भुकेला. नायक कंबरेला पिठाची बाहुली बांधून खाली उतरतो आणि मोहरा घेऊन वर येतो. कणकेचा गोळा ही आपल्या स्वयंपाकघरातली सर्वांत साधी वस्तू. तोच गोळा येथे लोभाचे आमिष होतो, आणि ‘सोने आहे पण अन्न नाही’ हा संपूर्ण कथेचा आशय एकाही संवादाशिवाय डोळ्यांसमोर उभा राहतो. जो वाडा, जे जाते, जी कणीक आपण ओळखतो, त्यांतूनच ही भीती येते, म्हणून ती उसनी वाटत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षाही अधिक गल्ला त्याने जमवला. प्रेक्षकाला खोलीचे वावडे आहे, अशी सबब सांगणाऱ्या निर्मात्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नव्हती.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) हेच उसाच्या बाबतीत केले. ऊस म्हणजे पश्चिम महाराष्ट्राची लक्ष्मी. पुरुषभर उंचीच्या वर वाढलेला तो फड ही आपल्याकडे सुबत्तेची खूण. या चित्रपटात एका गर्भवतीला त्याच फडाने वेढलेल्या घरात आणून ठेवतात, आणि आत शिरले की बाहेर पडण्याची वाट सापडत नाही. लपाछपीचा खेळ खेळणारी मुले कोण, याचा उलगडा होतो तेव्हा कळते की उसात लपले आहे ते भूत नव्हे, मुलगी नको असलेले घर लपले आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम, १९८८ साली, कायदा करणाऱ्या राज्याची ही आकडेवारी. गोड पिकाच्या आत ती दडवलेली दाखविणे याहून मोठा व्यंग्यार्थ तो कोणता?

मात्र या जातीच्या चित्रपटांची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिचा संबंध आपल्या घरांशी आहे. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये (१९६०) पेंढा भरलेले पक्षी होते, आरसे होते, दुभंगलेला तरुण होता. तंत्र अलौकिक, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याने एक वहिवाट पाडून दिली. आरसा तडकला की मन तडकले, आणि मन तडकले की हातात सुरी आली. रामगोपाल वर्मा यांचा ‘कौन?’ (१९९९) घ्या. तीन पात्रे, एक घर, बाहेर पाऊस, गाणे नाही, आणि नायिकेला नावसुद्धा नाही. दाराची घंटा आणि दारावरचे भिंग यांतून निर्माण केलेला ताण आजही विलक्षण वाटतो. शेवटी कळते की जिच्यासाठी आपला जीव टांगणीला लागला होता, तीच खुनी, कारण ती वेडी. का वेडी झाली, कोणते दुःख झाले, याची चौकशी नाही. सगळी चिन्हे अखेरीस एकाच ठिकाणी येऊन थांबतात आणि तेथे माणूस सापडत नाही, एक लेबल सापडते.

मनोविकाराने ग्रस्त माणूस इतरांना इजा करण्यापेक्षा स्वतःच इजेला बळी पडण्याचा संभव अधिक असतो, हे या क्षेत्रातले जाणकार पुनःपुन्हा सांगत आले आहेत. पडदा मात्र नेमके उलटे शिकवतो. आणि आपण ते शिकतोही. मुंबईत अजूनही कोणी जरा विचित्र वागले की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणून हसतात. त्याच ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची मानसिक आरोग्याची संस्था समंजस, सन्मानाने उपचार करीत आली आहे, हे त्या विनोदाला ठाऊक नसते. औषधाची चिठ्ठी कपाटात लपवणारी, मुलीचे लग्न मोडेल म्हणून डॉक्टरांकडे दुसऱ्या उपनगरात जाणारी कुटुंबे आपल्याच इमारतींत राहतात. त्यांच्या दिवाणखान्यात रविवारी दुपारी तडकलेला आरसा दाखवला जातो, तेव्हा आतल्या खोलीत कोण ऐकत असते?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) स्किझोफ्रेनियाचे चित्रण आहे, पण सुरी नाही, आरसाही नाही. कोकणातल्या शेष नावाच्या बुद्धिमान तरुणाला आपल्या गावच्या देवराईचा ध्यास लागतो. अतुल कुलकर्णींनी तो ज्या हळुवारपणे उभा केला, त्याला तोड नाही. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तेथे कुऱ्हाड चालत नाही, पडलेले लाकूडही उचलायचे नसते. वेली वृक्षांत गुंतलेल्या, उजेड तुटक तुटक खाली येणारा. शेषचे मन असेच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला गुंता, आत शिरणाऱ्याला एक संपूर्ण जग. बहीण त्याला शहरात घेऊन येते, उपचार सुरू होतात, घर थकते, चिडते, पुन्हा सावरते. पडद्यावरच्या डॉक्टरांच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे आहेत, जे प्रत्यक्षातही मानसोपचारतज्ज्ञच आहेत. ते रान तोडावे असे चित्रपट पाहताना कोणालाही वाटत नाही. राखावे, असे वाटते. आणि तसे वाटू लागले, की आपण कोणाविषयी बोलत आहोत, ते ध्यानात येते.

या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा. रानाचा सन्मान झाला, ते योग्यच झाले. शेषच्या आजाराचा उल्लेख पुरस्काराच्या नावात नव्हता.