बी घरचंच हवं

होळी झाली की आमच्या परसात कुदळ चालते. माती वीतभर खणून उन्हात तापू द्यायची, मग पुरतं कुजलेलं शेणखत मिसळायचं. कच्च्या शेणाने हुमणी येते. भेंडी, गवार, चवळी थेट वाफ्यात. कारल्याचं बी टणक, ते रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळते. पांढरा कोंब डोकावला की आळ्यात, बोटाच्या पेराइतकं खोल.

माझा आग्रह बियाण्याचा आहे. संकरित पाकिटातून पीक भरघोस येतं, पण त्याचं बी धरलं तर पुढे तेच गुण टिकत नाहीत. दरवर्षी पाकीट विकत घेणं आलंच. गावरान दोडक्याचं एक निरोगी फळ वेलावरच वाळू द्यावं, बी राखेत घोळून डब्यात ठेवावं, झालं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली ती अशाच बीजसंवर्धनासाठी. पण त्यांच्यासाठी नुसत्या टाळ्या वाजवून आपण मोकळं होणं मला पटत नाही. बचत गटांनी दर चैत्रात गावोगावी बियाण्यांची अदलाबदल भरवावी, आणि ग्रामपंचायतींनी त्यासाठी आपलं सभागृह विनामूल्य द्यावं.