निष्काळजीपणा कोणाचा?

ग्राइंडरने एखाद्या कामगाराचे बोट तुटले की मालक आणि ठेकेदार यांच्या तोंडी एकच शब्द असतो: निष्काळजीपणा. "त्याने गार्ड काढला होता" एवढे म्हटले की प्रकरण मिटले. गार्ड का काढला गेला, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. सात इंची चकती साधारण ८,५०० फेऱ्यांसाठी बनविलेली असते. ती लहान यंत्रावर बसवायची तर गार्ड काढावाच लागतो. आणि त्या वेगाने ती फुटली की तुकडे थेट हातावर, चेहऱ्यावर येतात. कामगार हे जाणतो. परंतु यंत्र एकच मिळते, मजुरी नगावर ठरते आणि काम संध्याकाळच्या आत हवे असते. गार्ड काढणारा हात कामगाराचा. त्याला तसे करावयास लावणारी व्यवस्था मालकाची.

कायदाही या प्रश्नापाशी मालकाच्या बाजूस झुकतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने संपूर्ण तर्जनी गेल्यास कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी, अंगठा गेल्यास ३० टक्क्यांनी घटते असे ठरविले. बोटांवरच ज्याची रोजी अवलंबून आहे, त्याचे नुकसान या हिशेबात मावत नाही. शिवाय कामगाराने सुरक्षासाधन जाणूनबुजून काढले असल्यास भरपाई नाकारण्याची मुभा मालकास मिळाली; मृत्यू आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व एवढेच तिच्यातून वगळले गेले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही पळवाट कायम ठेवली. त्याच वर्षीच्या सुरक्षाविषयक संहितेने वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या १० वरून २० वर नेली. परिणामी अनेक लहान वर्कशॉप त्या व्याख्येबाहेर पडले.

म्हणूनच कामगार संघटनांनी प्रत्येक अपघाताची नोंद स्वतः घ्यावी: चकती कोणी पुरविली, योग्य यंत्र उपलब्ध होते काय, मजुरी कशी मोजली जात होती, गार्डविना काम चालत असल्याचे मुकादमास ठाऊक होते काय. या उत्तरांपुढे "जाणूनबुजून" हा शब्द टिकणार नाही. ठेकेदाराकडे बोट दाखविणाऱ्या मुख्य मालकासही जबाबदार धरले पाहिजे. त्याचे हे दायित्व १९२३ च्या कायद्यानेच मान्य केले होते. नगावरच्या मजुरीविरुद्धचा लढा हा सुरक्षिततेचाही लढा आहे.