वाट बदलली, मेहनत वाया गेली नाही

सेलिना गास्परिन हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसेल. १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही मुलगी बर्फावर लांब पल्ल्याच्या स्कीइंगच्या शर्यती धावत असे. २००४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने बायथलॉन हा खेळ धरला. यात स्कीइंग आहेच, शिवाय पाठीवर रायफल! धापा टाकत यायचे, श्वास आवरायचा आणि ५० मीटरवरचे लक्ष्य टिपायचे. झोपून नेम धरताना ते लक्ष्य अवघे साडेचार सेंटिमीटरचे असते. १५ किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत एक नेम चुकला की एक मिनिटाचा दंड.

पाय तयार होते, हात मात्र नव्याने शिकवावे लागले. त्याला दहा वर्षे गेली. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीत तिचे वीसच्या वीस नेम लागले आणि रौप्यपदक मिळाले. बायथलॉनमधले स्वित्झर्लंडचे ते पहिले ऑलिंपिक पदक. पुढच्या वर्षी ती आई झाली, पुन्हा मैदानात उतरली आणि २०२२ पर्यंत खेळली. एलिसा आणि आइता या धाकट्या बहिणीही याच खेळात आल्या.

पालकहो, बारावीनंतर मुलगी शाखा बदलू म्हणाली की आपण पटकन म्हणतो, "इतकी वर्षे फुकट गेली." सेलिनाचे स्कीइंग फुकट गेले का? मुलीला आधी एवढेच विचारा : जुन्यातले काय सोबत नेणार, आणि नवे शिकायला किती वर्षे देणार? उत्तर नीट आले, तर तिला अडवू नका.