गलगंड आणि गंडा

सणासुदीला आजाराचे बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. आणि बहुतेक घरांत तो चकल्यांचे पहिले ताट संपेपर्यंत पाळलाही जातो. दुसरे ताट आले की मंडळी सैलावतात, आणि मग कोणाचा रक्तदाब, कोणाची साखर, कोणाचे गुडघे असे प्रकरण सुरू होते. अलीकडे त्यात थायरॉइडची भर पडली आहे. थोरल्या सूनबाई पहाटे उठल्याबरोबर एक गोळी घेतात, हे कोणाच्या तरी नजरेस पडते. "आयुष्यभर घ्यायची? अगं, सवय लागेल! हाडे ठिसूळ होतील! आमच्या ओळखीत एक जण आहेत, तीन महिन्यांत मुळापासून काढतात." पाहुणे भाऊबीज आटोपून आपापल्या गावी जातात, पण त्यांचा सल्ला घरातच मुक्कामाला राहतो, आणि महिन्याभरात गोळीच्या जागी काढ्याची बाटली येऊन बसते.

माझे भांडण आहे ते या सल्ल्याशी. आयुर्वेदाशी नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या घरात सुंठ, ओवा, त्रिफळा यांना जे स्थान आहे ते देव्हाऱ्यातल्या समईइतकेच पक्के आहे. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. शाळेत मुले शिकवावीत, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. परंतु भोकरदन तालुक्यातल्या आमच्या राजुरात, आणि आसपासच्या खेड्यांत, बायकांना आधी काय सांगितले जाते आणि पुढे काय भोगावे लागते, हे शिक्षिकेच्या कानावर डॉक्टरापेक्षा लवकर येते.

प्रथम ही भानगड काय आहे ते पाहू. गळ्यात, कंठाच्या खालच्या अंगाला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. अन्नातल्या आयोडीनपासून ती थायरॉक्सिन नावाचे द्रव्य तयार करते, आणि शरीराचा एकंदर कारभार कोणत्या गतीने चालावा हे त्या द्रव्यावर ठरते. ते कमी पडले की थकवा येतो, थंडी वाजते, वजन वाढते, केस गळतात, पाळी बिघडते, मन खिन्न होते. ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली दुसरी ग्रंथी तिला हाकारे घालू लागते. ते हाकारे म्हणजेच रक्ततपासणीच्या कागदावरचे 'टीएसएच'. हा आकडा चढलेला असणे म्हणजे मालक ओरडतो आहे आणि गडी उठत नाही. भारतातल्या आठ शहरांत, त्यांत मुंबईही होती, केलेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये ग्रंथीचे हे मंदत्व आढळले, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. ज्यांना आयोडीन पुरेसे मिळते त्यांच्यात याचे नेहमीचे कारण असे की, शरीराची स्वतःची संरक्षक फौजच या ग्रंथीवर उलटते आणि तिला हळूहळू पोखरते. हाशिमोतो या जपानी डॉक्टराने १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्याचे नाव आहे.

आता "सवय लागेल" या आक्षेपाकडे वळू. आमच्या जालना जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. १९७२ चा थोरांनी पाहिला, २०१२-१३ चा आम्ही सर्वांनी. विहीर आटली म्हणजे गावाला टँकर लावावा लागतो. त्या वेळी "गावाला टँकरची सवय लागेल" असे म्हणून तो परत पाठवणारा शहाणा मला अजून भेटलेला नाही. गोळीत जे थायरॉक्सिन असते तेच निरोगी ग्रंथी स्वतः तयार करते. त्यात परके असे काही नाही. १८९१ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावी जॉर्ज मरे या डॉक्टराने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. पुढे तो अर्क चालू ठेवून ती आणखी २८ वर्षे जगली. केंडॉल याने १९१४ मध्ये हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आले. पुढे मेंढीची गरज उरली नाही, एवढाच काय तो फरक. हाडांचे म्हणाल, तर ती झिजतात मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर; म्हणूनच तर ठरावीक काळाने रक्त तपासायचे असते.

मग काढा घेऊन बरे वाटलेल्या बायका खोटे बोलतात काय? मुळीच नाही, आणि मौज इथेच आहे. थायरॉक्सिन शरीरातून फार सावकाश उतरते. निम्मे व्हायलाच सुमारे एक आठवडा लागतो. त्यामुळे आज गोळी सोडली तर उद्या काहीच बिघडत नाही. पंधरा दिवस, तीन आठवडे बाई जुन्या शिदोरीवर चालत असते आणि श्रेय काढ्याला मिळत असते. "बघा, गोळी सोडली तरी ठणठणीत!" हे प्रशस्तिपत्र याच मुदतीत लिहून घेतले जाते. दोन-अडीच महिन्यांनी चेहरा सुजतो, आवाज जड होतो, जिना चढवत नाही. पण तोवर प्रशस्तिपत्र गावभर फिरून आलेले असते, आणि नव्या दुखण्याचा दोष तिच्या आळसावर किंवा 'तिने पथ्य पाळले नाही' यावर जातो. आणखी एक गोष्ट अशी की, किंचित वाढलेला टीएसएच पुष्कळदा काहीही न करता पुन्हा खाली येतो. त्या वेळी जो कोणी जवळ उभा असेल, तो धन्वंतरी ठरतो.

"आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते," असा दुसरा पुकारा असतो. ठाऊक होते ते काय, हे तरी नीट पाहावे. सुश्रुताच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन आहे. शार्ङ्गधराच्या संहितेत कांचनार गुग्गुळाचा पाठ आहे. दसऱ्याला आपण आपटा समजून ज्याची पाने पुष्कळदा ओरबाडून आणतो, तोच हा कांचन. ही विद्या खरीच आदरणीय आहे. पण तिचा विषय गळ्यावर दिसणारी गाठ हा होता. आजच्या बहुसंख्य रुग्णांच्या गळ्यावर काहीच दिसत नाही. रोग असतो तो रक्तात, आणि तो मोजण्याचे साधनच विसाव्या शतकातले आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, ज्याला वर्ष उलटले आहे, ज्यात श्वास कष्टाने चालतो, आवाज फुटला आहे आणि रोगी क्षीण झाला आहे, असा गलगंड वैद्याने हाती घेऊ नये, असे सुश्रुत स्वतः बजावतो. आपल्या शास्त्राची मर्यादा सांगण्याची ही थोरवी कोठे, आणि तीस दिवसांत नायनाट करणारी भिंतीवरची जाहिरात कोठे! सुश्रुताचे नाव घेऊन सुश्रुताचेच न ऐकणारे हे भक्त आयुर्वेदाची सेवा करीत नाहीत, त्याला बट्टा लावतात.

कायदाही या बाबतीत मुका नाही. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ मध्ये झाला. ज्या रोगांवर उपायाची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी त्याला जोडली आहे, आणि तीत गलगंडाचे नाव आहे. २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल पतंजली आयुर्वेद या कंपनीला सर्वोच्च न्यायालयासमोर माफी मागावी लागली, वर्तमानपत्रांतून ती छापावीही लागली. एवढे होऊनही आमच्याकडच्या भिंती काही पुसल्या गेलेल्या नाहीत.

मग जीवनशैलीला, पथ्याला, आयुर्वेदाला जागाच नाही काय? आहे, आणि मोठी आहे. रोजचे चालणे, वेळेवर झोप, भाकरी-पालेभाजी, वजनावर लक्ष यांनी थकवा, बद्धकोष्ठ, चिडचिड पुष्कळ सुसह्य होते. जाणत्या वैद्याकडून पचनासाठी, झोपेसाठी औषध अवश्य घ्यावे. २०१८ मध्ये सौम्य विकाराच्या ५० रुग्णांवर अश्वगंधेचा आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि त्यात आकडे सुधारलेले दिसले. परंतु ५० माणसे आणि आठ आठवडे यांवर साऱ्या देशाने गोळी सोडावी काय? जी वनस्पती ग्रंथीला चेतवू शकते ती नको तेवढीही चेतवू शकते. म्हणून ती घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे, आणि गरोदरपणी ती टाळावी. कोबी शिजवून बेताने खाल्ल्याने काही बिघडत नाही. मात्र थायरॉइडसाठी म्हणून आयोडीनचे मीठ टाकून सैंधव धरणे म्हणजे सुताराचे लाकूड काढून घेऊन त्याला पलंग मागण्यासारखे आहे! हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवले, आणि त्यानंतर १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. हाही आपलाच वारसा आहे.

डॉक्टरमंडळींनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. दोन मिनिटांत कागद फाडून हातात द्यायचा आणि "आयुष्यभर घ्या" एवढेच सांगायचे, म्हणजे त्या बाईला काढेवाल्याच्या दारात नेऊन सोडण्यासारखेच आहे. तो निदान अर्धा तास तिचे ऐकून तरी घेतो. गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर ठेवायच्या. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायचे. आकडा किंचितच वाढला असेल तर लगेच गोळी न देता पुन्हा तपासूनही पाहता येते. हे समजावून सांगण्यास असा किती वेळ लागतो?

शेवटी ज्यासाठी मी ही लेखणी उचलली ते सांगते. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत त्याची स्वतःची ग्रंथी काम करीत नसते. त्याच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवर चालते. म्हणून गरोदर बाईची मात्रा कमी करायची नसते, उलट ती बहुधा वाढवावी लागते. आणि आपल्याकडे नेमकी त्याच वेळी सासू-नणंदा मायेपोटी सांगतात, "आता तरी ती गोळी बंद कर, पोटात बाळ आहे." आपल्या देशात हजारात सुमारे एक मूल ही ग्रंथी काम करीत नसताना जन्माला येते, त्याला पहिल्या पंधरवड्यात औषध सुरू झाले तर ते इतरांसारखे वाढते, उशीर झाला तर बुद्धीचे झालेले नुकसान भरून येत नाही. वर्गात पाढे न येणारे पोर मला दिसले की छडीआधी हा विचार मनात येतो.

तेव्हा, वाचकहो, काढा हवा तर घ्या, आसने करा, टेकडी चढून गणपतीचे दर्शनही घ्या; पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. जो कोणी सोडायला सांगेल, त्याला एवढेच म्हणा की तीन महिन्यांनी टीएसएच तपासू, आणि बिघडला तर जबाबदारी तुमची, असे कागदावर लिहून द्या. सही करणारा मिळाला, तर मला राजुरास अवश्य कळवा.