हरवलेल्या घराचा आराखडा

विस्थापितांच्या दुःखावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. त्याची नीट नोंद मात्र क्वचितच ठेवली जाते. इतिहासाचे अध्यापन करताना ही उणीव आम्हांस सतत जाणवत आली आहे. पाठ्यपुस्तकात १९४७ ची फाळणी थोड्या पानांत आटोपते. निर्वासितांची संख्या लाखांत दिलेली असते. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. ज्यांनी घर सोडले त्यांच्या त्या घराला किती खोल्या होत्या, अंगण कोणत्या बाजूस होते, याचा त्या आकड्यांत मागमूसही नसतो. ही उणीव कलेच्या वाटेने भरून काढणाऱ्या झरीना हाश्मी यांचे काम इतिहासाच्या वर्गात शिकवले जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

झरीना यांचा जन्म १९३७ साली अलीगढ येथे झाला. वडील अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. देशाची फाळणी झाली तेव्हा त्या अवघ्या दहा वर्षांच्या होत्या. पुढे १९५८ मध्ये त्यांनी गणिताची पदवी घेतली आणि परराष्ट्र सेवेतील पतीसमवेत त्या परदेशी गेल्या. १९५९ मध्ये आईवडील कराचीला स्थायिक झाले आणि अलीगढचे घर कायमचे दुरावले. बँकॉक, पॅरिस, टोकियो, न्यूयॉर्क असा त्यांचा प्रवास झाला. २०२० मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसमध्ये त्यांनी हेटर यांच्या कार्यशाळेत मुद्राचित्रण आत्मसात केले, तर जपानमध्ये लाकडी ठशांच्या परंपरेचा अभ्यास केला.

त्यांची साधने पाहिली तर ती साधीच आहेत. लाकडावर कोरलेले ठसे, आम्लाने रेखाटलेले धातूचे पत्रे, कागदाचा लगदा साच्यात घालून घडवलेली शिल्पे, नेपाळी हातकागद, सोन्याचा वर्ख आणि उर्दू अक्षरे. या मिश्र माध्यमांतून त्यांनी आयुष्यभर एकच विषय हाताळला, तो म्हणजे घर. परंतु त्यांच्या चित्रांत रडणारी माणसे नाहीत की जळणारी गावेही नाहीत. वडिलांच्या घरावरील १९९४ च्या मुद्राचित्रात केवळ त्या वास्तूचा आराखडा आहे आणि शीर्षकात १८९८ ते १९९४ ही वर्षे आहेत. गणित शिकलेल्या हाताने आपला शोक मोजून कागदावर उतरवला आहे. १९९९ च्या छत्तीस काष्ठमुद्रांच्या मालिकेत उंबरठा, भिंत, अंतर, सीमा, भाषा अशा एकेका शब्दास एकेक आकृती दिली आहे. त्यांतील उर्दू शब्द त्यांनी पाकिस्तानातील एका सुलेखनकाराकडून लिहवून घेतले होते. म्हणजे सीमेपलीकडची अक्षरे आणि अलीकडच्या घराची आठवण एकाच कागदावर आली. २००४ च्या मालिकेत, बहिणीने लिहून ठेवलेल्या पण टपालात न टाकलेल्या पत्रांवर घरांचे आराखडे आणि नकाशे उमटले आहेत.

२००१ साली त्यांनी भारत-पाकिस्तान सीमेवर काष्ठमुद्रा केली. तीत एका वाकड्यातिकड्या काळ्या रेषेखेरीज जवळजवळ काहीच नाही. या तंत्रात लाकडाचा जो भाग कोरून काढला जातो तो छापताना कोरा राहतो. जो शिल्लक उरतो तोच शाई घेतो. ती एक रेषा उमटावी म्हणून दोन्ही बाजूंचे लाकूड खरवडून टाकावे लागते. रॅडक्लिफ यांची रेषा अवघ्या काही आठवड्यांत आखली गेली आणि १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झाली. त्या रेषेसाठी दोन्हीकडचे किती जीवन खरवडले गेले, हे या एका ठशातून विद्यार्थ्यास जितके कळेल तितके आमच्या अनेक तासिकांतून कळणार नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो आम्ही रास्त मानतो. ज्या घराचा आराखडा स्मरणाने काढता येतो, ते घर प्राध्यापकाचे होते. ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती, ज्यांना गावाने पाणवठ्यावरही येऊ दिले नाही, त्यांनी कोणत्या घरासाठी झुरावे? आमच्या समाजाच्या कित्येक पिढ्यांनी गाव सोडले ते मुक्तीसाठी. विस्थापन हा नेहमीच शोकाचा विषय असतो, असे म्हणणे आम्हांस मान्य नाही.

फाळणीच्या इतिहासातही ही दुसरी बाजू आहेच. त्याच कराचीत १९४७ मध्ये दलित सफाई कामगारांना ‘अत्यावश्यक सेवे’च्या नावाखाली भारतात येऊ दिले जात नव्हते. एकीकडे लाखो लोकांना घर सोडावे लागत होते आणि दुसरीकडे काहींना, शहराची घाण कोण उचलणार म्हणून, निघण्याचीही मुभा नव्हती. त्यांच्या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वर्षाच्या डिसेंबरात पंतप्रधान नेहरूंकडे लेखी तक्रार केली होती. पूर्व बंगालमधून आलेल्या नमःशूद्र निर्वासितांपैकी असंख्यांना पुढे दंडकारण्यात धाडण्यात आले. बंगाली निर्वासितांच्या वसाहती आपल्या गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतही आहेत. १९७९ मध्ये सुंदरबनातील मरीचझापी बेटावरून हुसकावले गेलेले बहुसंख्य लोक याच समाजाचे होते. यांच्या झोपड्यांचे आराखडे कोणत्या संग्रहालयात आहेत?

हा प्रश्न झरीना यांचे मोल कमी करण्यासाठी आम्ही विचारलेला नाही. उलट, त्यांची पद्धत कोणाच्या हाती जाणे अगत्याचे आहे, हे त्यातून स्पष्ट होते. सनदा, सातबारा, छायाचित्रे, कौटुंबिक पत्रव्यवहार ज्यांच्यापाशी असतो, त्यांचे घर गेले तरी पुरावा उरतो. ज्यांच्यापाशी यांतील काहीही नसते, त्यांचे घर स्मरणाबरोबरच पुसले जाते. अशांसाठी कागदावरची एक मोजलेली रेषा हा अलंकार ठरत नाही. तो दस्तऐवज ठरतो. आणि तो तयार करण्यास मोठा खर्च लागत नाही, हे झरीना यांच्या साधनांनी दाखवून दिलेच आहे.

निवासी शाळेतील प्रत्येक मूल घरापासून दूर आलेले असते. कोणाचे आईवडील ऊसतोडीच्या हंगामात वर्षातील कित्येक महिने पालात राहतात, कोणाचे गाव धरणाखाली गेलेले असते, कोणाची वस्ती शहरातून हटवलेली असते. चित्रकलेच्या तासाला या मुलांकडून डोंगर, सूर्य आणि कौलारू घर काढून घेणे आता थांबवावे, असे आम्ही सुचवतो. त्यांनी आपल्या राहत्या जागेचा आराखडा काढावा. चूल कोठे, पाणी कोठून येते, दप्तर कोठे टांगले जाते, गावातील सार्वजनिक विहीर किती पावलांवर आणि तेथे कोण येऊ शकतो, हेही त्यात नोंदवावे. आजीला विचारून तिच्या काळातील घर दुसऱ्या कागदावर उतरवावे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. काय गमावले आणि कशातून सुटका झाली, हे त्या दोन कागदांवरून मूल स्वतःच ठरवील. शाळेने असे कागद तारीख घालून जपून ठेवले, तर आमच्या समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या उद्याच्या अभ्यासकास इतरांच्या आकड्यांवर विसंबून राहावे लागणार नाही.